गडाआधी गडाची वाट सावरा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले; अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून रोषणाई, वाहनतळ, माहिती केंद्रे यांची चर्चा जोरात आहे. पण नामांकनाच्या नावातला एक शब्द कुणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. ते नाव 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स' असे आहे आणि तो शब्द 'लँडस्केप्स', भूप्रदेश. म्हणजे नुसते तट आणि बुरूज नव्हेत, तर त्यांना धरून असलेले घाट, खिंडी, मेटे (गडाच्या उतारावरच्या पहाऱ्याच्या चौक्या), पाण्याची टाकी आणि चढण्या-उतरण्याच्या वाटासुद्धा. २ फेब्रुवारी १६६१ ला मोगल सरदार कारतलबखानाची फौज उंबरखिंडीत कोंडली गेली, ती कुठल्या तटावरून मारा करून नव्हे. कुरवंडे घाटाने कोकणात उतरलेले सैन्य दाट रानातल्या चिंचोळ्या वाटेत सापडले आणि त्याला ना पुढे जाता आले ना मागे. तिथे वाट हेच शस्त्र होते.

जुन्नरजवळचा नाणेघाट तर याहून कितीतरी जुना. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, बाहेर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, चढणीवर कातळात खोदलेली टाकी आहेत, आणि वाटेवर नजर ठेवायला शेजारीच जीवधन उभा आहे. दोन हजार वर्षे माणसे आणि ओझ्याची जनावरे या वाटेने गेली, तरी ती मोडली नाही. आज मात्र गर्दीच्या गडांवरच्या वाटा पाच-सात पावसाळ्यांत उकलताना दिसतात. गर्दी हे कारण आहेच. पण मुख्य कारण पाणी आहे, आणि पाण्याचा विचार न करता केलेली दुरुस्ती त्यात भर घालते.

वाट मोडते कशी, ते पाहा. माणसे एकाच रेषेत चालली की मधली माती दबते आणि वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे खाली जाते. पहिल्या मोठ्या सरीला तीच पन्हळ होते. पाणी मुरूम घेऊन जाते, सुटे दगड उघडे पडतात, घसारा तयार होतो. घसाऱ्यावर पाय ठरत नाही म्हणून लोक कडेच्या गवतावरून चालू लागतात. गवत मरते, तिथे दुसरी पन्हळ पडते. चार वर्षांत एका वाटेच्या चार वाटा होतात आणि डोंगराच्या सोंडेची अख्खी धार उघडी पडते. नागमोडी वाटेची वळणे तोडून सरळ उतरणारे तर पाण्याला आयता उतारच करून देतात. दोन वळणांमधली कारवीची झुडपे एकदा तुडवली गेली की तिथली माती धरून ठेवायला काही उरत नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सिमेंट काँक्रीटच्या पायऱ्या. त्या मोजायला सोप्या, बिल करायला सोप्या, उद्घाटनाच्या फोटोत नेटक्या. पण मुरमावर ओतलेल्या काँक्रीटखाली पाणी शिरायला वेळ लागत नाही. पायरीच्या कडेने वाहणारे पाणी खालचा मुरूम पोखरते, पायरी अधांतरी राहते आणि एक दिवस मधोमध तडकते. शिवाय या पायऱ्यांची उंची बहुधा २० ते २५ सेंटीमीटर असते. डोक्यावर लाकडाची मोळी किंवा पाण्याचा हंडा घेतलेली वाडीतली बाई अशा पायरीवरून उतरत नाही, ती बाजूच्या मातीतून उतरते. फिरायला आलेलेही गुडघे दुखले की तेच करतात. मग पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना नवे ओघळ पडतात आणि वाट होती त्याहून वाईट होते. पावसाळी शेवाळ धरल्यावर काँक्रीटच्या गुळगुळीत पृष्ठावर पाय सरकतो तो वेगळाच.

खरी दुरुस्ती साधी आहे, फक्त ती मन लावून करावी लागते. वाटेला दरीच्या बाजूला हलका कल द्यायचा, रुंदी एक मीटर असेल तर बाहेरची कड ३ ते ५ सेंटीमीटर खाली. कल देता येत नाही तिथे वाटेवर तिरके दगडी बांध घालायचे. हे बांध काटकोनात आडवे टाकणे ही सर्वांत मोठी चूक, कारण आडव्या बांधामागे पाणी थांबते, गाळ बसतो, दोन सरींत बांध भरतो आणि पाणी वरून उडी मारून पुढची माती खणते. बांध साधारण ४५ अंशांत तिरका हवा, म्हणजे पाणी वेग न सोडता बाहेर निघते आणि गाळही बरोबर नेते. दगड दोन तृतीयांश जमिनीत गाडलेला असावा, वर १५ सेंटीमीटरच्या आसपास दिसावा. दरीकडच्या तोंडाशी किमान एक मीटर चर मोकळी असावी आणि पाणी पडते तिथे मोठे दगड अंथरावेत. नाहीतर त्याच जागी घळ सुरू होते. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर १५ ते २० मीटरवर एक बांध पुरतो, चढ दुप्पट असेल तर ८ ते १० मीटरवर घालावा. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एकदा आणि मघा नक्षत्रानंतर एकदा फावड्याने तोंडे मोकळी करावी लागतात. ही देखभाल अंदाजपत्रकात धरलेली नसते, आणि काम वाया जाते ते बहुतेक इथेच.

जिथे पायऱ्या हव्यातच तिथे त्या सुक्या दगडाच्या, म्हणजे चुना-सिमेंट न घालता रचलेल्या असाव्यात. काम खालून वर करत जायचे. वरच्या दगडाची पुढची कड खालच्या दगडाच्या मागच्या भागावर निदान ५ सेंटीमीटर टेकली पाहिजे, म्हणजे माणसाच्या वजनाने रचना आवळत जाते. उंची १५ ते १८ सेंटीमीटर, पाय पूर्ण टेकेल इतकी खोली, आणि दोन्ही अंगांना मुद्दाम ओबडधोबड दगड लावलेले, म्हणजे कुणाला बाजूने चालावेसे वाटू नये. फटींतून पाणी झिरपते, म्हणून ही पायरी तडकत नाही. एखादा दगड हललाच तर तेवढाच काढून बसवता येतो. हे कसब शोधायला लांब जावे लागत नाही. कोकणात गडगे आणि मावळात शेताच्या ताली घालणारे हात पायथ्याच्या वाड्यांत अजून आहेत. त्यांना पुरती मजुरी देऊन वाट त्यांच्याच हवाली करावी. बाहेरून ट्रॅक्टरने खडी आणणाऱ्या ठेकेदारापेक्षा त्यांना डोंगराचे पाणी जास्त कळते.

कातळात कोरलेल्या पायऱ्यांना मात्र हात लावू नये. १८१८ मध्ये इंग्रजांनी अनेक गडांच्या अशा पायऱ्या सुरुंगाने उडवल्या; ज्या वाचल्या त्यांचे मोल त्यामुळे अधिकच आहे. नाशिककडच्या हरिहर गडाच्या उभ्या जिन्यात हाताला आधार म्हणून कोरलेल्या खोबण्या पाहिल्या तर पाथरवटाने चढणाऱ्याचा हात कुठे पडेल याचा किती विचार केला होता ते कळते. त्या खोबण्यांत खिळे ठोकणे, पायऱ्यांवर तेलरंगाने बाण काढणे, झिजलेल्या पायरीवर सिमेंटचा थर देणे हे तिन्ही प्रकार बंद व्हावेत. हरिहरला चढायला आणि उतरायला जिना एकच आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी चढणाऱ्यांना आणि उतरणाऱ्यांना आळीपाळीने सोडणे आणि मुसळधार पावसात तो बंद ठेवणे एवढाच तिथला उपाय आहे.

आता टाक्यांविषयी. गडाचे आयुष्य पाण्यावर ठरत होते, आणि टाके साफ करण्याइतके पुण्याचे काम स्वयंसेवकांना दुसरे वाटत नाही. तो उत्साह मोलाचा आहे, पण चुकीच्या पद्धतीने झालेली सफाई कायमचे नुकसान करते. सोपा हिशेब करू. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल टाक्यात २४ हजार लिटर पाणी मावते. त्यात एक मीटर गाळ असेल तर १२ हजार लिटर कमी. म्हणजे रोज शंभर माणसांना तीन लिटरप्रमाणे चाळीस दिवस पुरेल इतके पाणी गेले. सफाई हवीच. मात्र एका गडावरची सगळी टाकी एकाच उन्हाळ्यात उपसू नयेत. चैत्र-वैशाखात माकडे, पाखरे आणि वाडीची गुरे त्याच पाण्यावर जगतात.

काम सुरू करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, आणि खाते कोणते ते गडागणिक बदलते. यादीतले शिवनेरी, लोहगड, रायगड, पन्हाळा केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. साल्हेर, राजगड, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. गाळ हा कचरा नव्हे. त्यात खापरे, तोफगोळे, कधी नाणी निघतात आणि कोणत्या थरात काय होते यावरून टाके कधी वापरात होते ते समजते. म्हणून गाळ थराथराने काढावा, चाळावा, सापडलेली वस्तू जागेवरच फोटो आणि मोजमाप घेऊन खात्याच्या ताब्यात द्यावी. घरी नेलेले नाणे मुके होते. काढलेला गाळ वाटेच्या वरच्या अंगाला टाकला तर पहिल्या पावसात तो पुन्हा टाक्यात किंवा वाटेवर येतो. तळाशी पहार चालवू नये, लाकडी खोरी वापरावीत. टाक्यात येणारी कातळातली चर, तिच्या तोंडाशी असलेला गाळ बसण्याचा छोटा खळगा आणि जादा पाणी जाण्याची वाट ही तीन ठिकाणे आधी मोकळी करावीत. ती तुंबलेली राहिली तर टाके तीन वर्षांत पुन्हा भरते.

खांबटाक्यात, म्हणजे कातळात आत खोदून खांब राखलेल्या टाक्यात, विशेष जपावे. आत उजेड कमी, हवा खेळत नाही, आणि तळाचा काळा गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच बाहेर यावे. पुढे वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे नसते, तो वायू नाकच बधिर करतो. एकट्याने कधीही उतरू नये, बाहेर दोर धरून माणूस हवा. डिझेलचा पंप टाक्याच्या आत किंवा तोंडाशी लावून पाणी उपसणे तर जिवावरच बेतू शकते.

तटांचेही पाण्याशीच नाते आहे. दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या की भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि ती वाट मग दगडाच्या कडेतून काढते. चुन्याचे काम सावकाश चालते, ते पावसाळ्यात करता येत नाही आणि आठवडाभर ओले ठेवावे लागते, हे खरे. पण गड बांधले गेले ते त्यावरच. तटात रुजलेला पिंपळ किंवा उंबर ओढून उपटू नये, मुळांबरोबर चार दगड येतात. तो बुंध्याशी कापून, मुळे जागेवर मरू देऊन, मग पोकळी चुन्याने भरावी.

वाटा चुकण्याचे प्रमाणही मोठे आहे, आणि त्यावर दर दहा पावलांवर पिवळा बाण हा उपाय नाही. माणूस चुकतो ते ढोरवाट, म्हणजे गुरांची वाट, फुटते तिथे. ढोरवाट सुरुवातीला मुख्य वाटेपेक्षा रुंद आणि सपाट दिसते, पदरात (डोंगराच्या मधल्या सपाटीत) आडवी जाते आणि शेवटी पाणवठ्याशी किंवा कारवीत विरते. जुन्या वाटेवर दगड गुळगुळीत झालेले असतात, मोक्याच्या चढाला रचलेली पायरी असते. म्हणून फाटा असेल तिथेच, जमिनीत पुरलेला, गावाचे नाव आणि अंतर लिहिलेला दगड बसवावा, आणि ते नाव वाडीत बोलले जाते तेच असावे.

वारसा यादीच्या निमित्ताने मिळणाऱ्या निधीतून प्रत्येक गडासाठी पहिली रक्कम पायथ्यापासून दरवाजापर्यंतच्या वाटेच्या आणि टाक्यांच्या मोजणीला मिळावी, अशी आमची संबंधित खात्यांना विनंती आहे. ही मोजणी भर पावसात व्हावी, कारण पाणी कुठून शिरते आणि कुठे साचते ते जुलैत छत्री घेऊन चालणाऱ्यालाच दिसते. दिवाळीनंतर कामे सुरू करावीत, दगडकाम मार्चअखेर संपवावे, आणि बारा किल्ल्यांबरोबरच नाणेघाट, बोराट्याची नाळ, मढे घाट, ढवळे घाट यांसारख्या वाटांचीही नोंद त्याच वहीत व्हावी.

आपले,
दुर्गसंवर्धन आणि घाटवाटांच्या कामातले काही वाचक