पिशव्या लॉकरात

शहापूर, बेळगाव
रविवार, दुपारी

प्रिय मंगल,

हे पत्र हाताने लिहितेय याचं नवल वाटून घेऊ नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर धाकटीने तुझ्याआधी वाचलं असतं. आमच्या घरात माझा मोबाईल म्हणजे सार्वजनिक नळ आहे. आता जेवणं उरकून सगळे आडवे झालेत, भांडी पालथी घातलीत, आणि मी वहीची पानं फाडून बसलेय.

तर गोष्ट अशी. मी घरी खोटं बोलले. आमच्या पतसंस्थेचं ट्रेनिंग बंगळूरला दोन दिवसांचं होतं, गुरुवार-शुक्रवार. मी तीन दिवसांचं सांगितलं. बुधवारचा एक दिवस मी चोरला. आणि त्या दिवशी मी एकटी वंडरलाला जाऊन आले. हो, पाळण्यांत बसायला. त्रेचाळिसाव्या वर्षी. हसून झालं असेल तर पुढे वाच.

तू लगेच म्हणशील, पुण्याला आली असतीस तर दोघी मिळून खोपोलीला गेलो असतो, महाराष्ट्रातलं सोडून कर्नाटकातलं कशाला? बाई, सीमाप्रश्न निदान पाळण्यापर्यंत तरी नेऊ नकोस. तो 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, माझे गुडघे तेवढे दिवस थांबणार नाहीत. शिवाय खोपोली माझी बघून झालीय. म्हणजे बघूनच झालीय. 2017 ला दिवाळीनंतर आम्ही दोन गाड्या करून इमॅजिकाला गेलो होतो, आठवतंय? जावा, दीर, पोरं, सासू-सासरे. आत गेल्यावर सगळे एकेका रांगेत पळाले आणि एका झाडाखालच्या बाकावर मी बसले. माझ्यापुढे सात पिशव्या, चार मोबाईल, दोन चष्मे, सासऱ्यांची काठी आणि धाकटीचे ओले मोजे. मधे मधे कोणीतरी यायचं, पाण्याची बाटली घ्यायचं, "काय मजा आली गं वहिनी!" म्हणायचं आणि परत जायचं. संध्याकाळी ह्यांनी मला विचारलं, "मग, आवडलं का?" मी म्हटलं, "छान आहे की." बाक खरंच छान होता.

तेव्हाच मी मनात लिहून ठेवलं होतं की एकदा तरी पिशव्यांशिवाय यायचं. एवढंच. मला उंचावरून पडायची हौस नव्हती, मला पिशव्या ठेवून रांगेत उभं राहायचं होतं.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघाले. हे स्टेशनवर सोडायला आले होते, "पोचल्यावर फोन कर, ट्रेनिंगच्या ठिकाणी नीट जा" म्हणाले. तेव्हा पोटात जरा कालवलं, खोटं नाही सांगत. पण लोंढा स्टेशन मागे पडेपर्यंत मी शेंगाचटणी-दशमी खाऊन झोपलेही होते. माझ्या अपराधीपणाला भूक लागते.

मॅजेस्टिकजवळच्या पहिल्या लॉजवर माणसाने आधार कार्ड उलटसुलट करून विचारलं, "सोबत कोण?" म्हटलं, कोणी नाही. तर खोली नाही म्हणे. दुसऱ्या लॉजवर काउंटरला एक बाईच होती, तिने न विचारता किल्ली दिली. अंघोळ केली, सामान टाकलं, खांद्याला एकच पर्स घेतली आणि मेट्रोत बसले. जांभळी लाईन आता थेट चल्लघट्टापर्यंत जाते, तिथून म्हैसूर रोडवर बिडदीकडची बस. बिडदी म्हणजे तट्टे इडलीचं गाव. ताटलीएवढी इडली, वर लोण्याचा गोळा. आधी वाटलं होतं खाऊनच जावं, मग विचार केला, पोटात इडली आणि डोकं खाली पाय वर, नको.

तिकिटाच्या खिडकीवर मुलीने विचारलं, "एष्टु जना?" किती जण? मी म्हटलं, "ओब्बळे री." तिने मान वर करून बघितलं. "ओब्बरेना?" एकट्याच का? मागच्या रांगेतल्या कुटुंबानेही मान वळवली. मला वाटलं त्यांना माझं एकटेपण खटकलं, पण ती मुलगी हसून म्हणाली, "उत्तर कर्नाटक?" माझ्या 'री'ने घात केला. बघ कसं असतं. बेळगावात दुकानदार आपलं कन्नड ऐकून आपल्याला मराठी म्हणून ओळखतात आणि बंगळुरात तेच कन्नड ऐकून धारवाडकडची ठरवतात. मी "हौदु री" म्हणून टाकलं. तिकीट किती पडलं ते सांगत नाही, तू व्याजासकट हिशेब करशील.

आत गेल्यावर पहिलं काम लॉकर. पर्स, मोबाईल, चपला, सगळं आत. किल्ली मनगटाला. मंगल, तो छोटा पत्र्याचा दरवाजा लावला आणि मी तिथेच उभी राहिले. दोन्ही हात मोकळे. त्यांचं काय करायचं ते कळेना. मी ते ओढणीत गुंडाळले, मग सोडले, मग कमरेवर ठेवले. शेवटी एका पोराच्या हातातून निसटलेला भुट्टा उचलून दिला, तेव्हा कुठे त्या हातांना जरा बरं वाटलं.

बुधवार असल्यामुळे गर्दी कमी होती. कॉलेजची पोरं, एक कंपनीची ट्रिप, दोन-चार नवी लग्नं. एकटी अशी मीच. पहिला तासभर मी उगाच कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा चेहरा करून फिरले. नवरा पाणी आणायला गेलाय, आत्ता येईल, असा. कोणी विचारलं नव्हतं तरी. मग एका पाळण्याजवळच्या पोऱ्याने हाक मारली, "मॅडम, सिंगल इदीरा? बन्नि बन्नि!" ओळीत दोन दोन जागा असतात आणि तिघांचे घोळके येतात, त्यामुळे कुठेतरी एक जागा रिकामी राहते. ती भरायला एकटं माणूस लागतं. त्या दिवशी दोन-तीन वेळा मी अशी सगळ्या रांगेच्या पुढे गेले. चाळीस वर्षांत मला कोणी "तुम्ही एकट्या आहात ना, मग पुढे या" असं म्हटलं नव्हतं.

रिकॉइल नावाचा जो मोठा रोलर कोस्टर आहे, त्यात मी अशीच एका पोराशेजारी बसले. कोलारचा, इंजिनिअरिंगला. चष्मा काढून ठेवायला लागला आणि तिथे माझं नशीब उघडलं. माझा नंबर तुला माहीत आहे. चष्म्याशिवाय किती उंचावर आहोत ते दिसतच नाही, सगळं निळं आणि हिरवं. अर्धी भीती तिथेच संपली. खांद्यांवरून ते जाड कुशन खाली आलं, टक् करून बसलं. पोराने विचारलं, "आंटी, कुठल्या?" बेळगाव म्हटल्यावर तो गंभीर झाला. त्याचं विश्वेश्वरय्या विद्यापीठ आपल्या बेळगावात ना, त्याचा एक विषय राहिलाय. जणू मीच पेपर तपासलाय असा बघत होता. म्हटलं, बाळा, मी पतसंस्थेत आहे, मी फक्त थकबाकी बघते.

आणि मग गाडी मागे सरकायला लागली. पुढे नाही, मागे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला पाठमोरं चढावर ओढत नेतात, तोंड जमिनीकडे, सगळं वजन त्या कुशनवर. वर नेऊन क्षणभर धरून ठेवतात. विहिरीवरून घागर सोडायच्या आधी आपण दोर घट्ट धरतो ना, तेवढाच क्षण. आणि सोडतात.

पुढचं नीट सांगता येणार नाही. तीन वेळा उलटी झाले, म्हणजे गाडीसकट. समोरच्या चढावर गेलो, वाटलं संपलं, तर तिथून सुटून तेच सगळं परत, उलट्या दिशेने, न दिसता. एकूण सहा वेळा डोकं खाली. पोटातलं काहीतरी घशात येऊन परत जागेवर जातं. शेजारी तो पोरगा "अम्मा, अम्मा" करत होता आणि त्याने माझं मनगट किल्लीसकट धरलं होतं. मी कोणाला हाक मारली माहीत आहे? आपल्या वडगावच्या मंगाईदेवीला. "मंगाई आई गं!" तू फुशारून जाऊ नकोस, तुझं नाव त्यातच आहे हा योगायोग. पण वडगावच्या त्या यात्रेतला पाळणा एकदम डोळ्यांपुढे आला. आषाढातला चिखल, लाकडी चार पेट्या, आणि दांड्याला लोंबकळून फिरवणारी ती दोन माणसं. तू ओरडायचीस "अजून जोरात!" आणि मी डोळे मिटून तुझी फ्रॉक धरायची.

खाली उतरल्यावर पोराला आपण आंटीचा हात धरला याची लाज वाटली. म्हणून त्याने मला शास्त्र सांगितलं. गाडी जिथे उलटी होते ती रुळांची कडी पूर्ण गोल नसते म्हणे, थेंबासारखी असते, वरचं वळण लहान. पूर्वी गोल करत असत तेव्हा कडीत शिरतानाच जोराचा दणका बसून माना दुखावायच्या. थेंबासारख्या आकारात खालची वळणं ऐसपैस असतात, म्हणून दाब कमी पडतो. मला पटलं. आता राहिलेला विषयही सुटेल तुझा, म्हटलं. खूश झाला.

पाण्याच्या बाजूला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. मी तिथल्या दुकानातून एक ढगळ टी-शर्ट आणि लेगिंग घेतली आणि आरशात न बघता बाहेर आले. लाटांच्या तलावात दोन म्हाताऱ्या बहिणी गुडघाभर पाण्यात खुर्च्या टाकल्यासारख्या बसून होत्या. मीही बसले. त्यांनी विचारलं, मुलं कुठे? मी म्हटलं, घरी. "ते बरं केलंत," थोरली म्हणाली आणि पुन्हा लाटेकडे वळली. एवढंच संभाषण. दिवसभरातलं सगळ्यात चांगलं.

दुपारी तासभर मात्र वाईट गेला, तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल मी नुसता जल्लोष केला. जेवायला बसले. समोर रिकामी खुर्ची. भात मागवला आणि पहिल्या घासाला धाकटीची आठवण आली. तिला हे किती आवडलं असतं, तिच्या परीक्षेच्या दिवसांत आई इथे बसलीय, वगैरे. मोबाईल लॉकरमध्ये होता म्हणून वाचले, नाहीतर तिथूनच फोन करून सगळं सांगितलं असतं आणि ट्रेनिंगचंही बिंग फोडलं असतं. भात संपवला. ताक प्यायले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही, ढेकर आली.

संध्याकाळी स्काय व्हीलमध्ये बसले, या वेळी चष्मा लावून. एका उंच मनोऱ्याच्या माथ्यावर तो पाळणा बसवलाय, वर लिफ्टने जायचं. पेटीत मी एकटीच. हळूहळू फिरतो, ओरडायचं काही कारणच नाही. खाली ती सगळी लाल-पिवळी यंत्रं खेळण्यासारखी, आणि लांब रामनगरकडच्या काळ्या खडकांच्या टेकड्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि मी तिच्यावर काहीही ठेवलं नाही. ओढणीसुद्धा नाही.

गुरुवार-शुक्रवार इमानदारीने ट्रेनिंग केलं. नवीन ऑडिटचे नमुने अर्धे कळले. मान अजून डावीकडे वळत नाही, घरी सांगितलंय की रेल्वेत अवघडले. हे रोज रात्री बाम चोळून देतायत. त्या वेळी मात्र थोडंसं लाजल्यासारखं होतं.

सोबत एक फोटो आहे. पाळणा सुटतो तिथे ते आपोआप फोटो काढतात आणि बाहेर विकतात. घ्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण पडद्यावर बघितला आणि पैसे काढले. चष्मा नाही, वेणी कपाळावर, तोंड एवढं उघडं की मागच्या दाढेतली चांदी दिसतेय. शेजारचा पोरगा माझ्या हाताला लोंबकळलाय. मी एवढी मोठ्याने ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं. शाहूनगरपर्यंत ऐकू गेलं असतं.

घरात हा ठेवायला जागा नाही. कपाट सासूबाई आवरतात, पुस्तकं धाकटी चाळते, पर्स सगळेच उघडतात. म्हणून तुझ्याकडे ठेव. तुझ्या त्या लोखंडी ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. आषाढात मंगाईच्या यात्रेला येशील तेव्हा आणू नकोस, मीच पुण्याला येऊन बघेन.

आणि हो, तू आता "मी आले, मी गेले" म्हणतेस तशीच मीही या पत्रात लिहिलंय, शाळेतल्या बाईंच्या भीतीने. पण त्या दिवशी गेटबाहेर बसची वाट बघताना मी स्वतःशी मोठ्याने म्हटलं ते आपल्या बेळगावी भाषेतच होतं, जिच्यात बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात: "जाऊन आलो की मी."

तुझी,
शैला

ता. क. पत्र आणि कुंदा मोठ्या दिरांच्या मुलाच्या हाती पाठवतेय, तो सोमवारी पुण्याला निघालाय. पाकीट डिंकाने तीन ठिकाणी चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर लगेच कळव. कुंद्याचं तूप फोटोला लागू नये म्हणून मधे प्लास्टिक घातलंय, ते टाकू नकोस, फोटो त्यातच ठेव.