भीमाशंकरला जाताना एक दिवस जंगलासाठी ठेवावा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत भीमाशंकरला जाण्याचे बेत सध्या सोलापुरात अनेक घरी आखले जात आहेत. आमच्या गल्लीतूनही एक गाडी ठरते आहे. ती ठरवताना जी चर्चा झाली, ती इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही श्रावणी सोमवारी गेलो होतो. रात्रभर प्रवास, सकाळी दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून रांग, दर्शन, पुन्हा त्याच पायऱ्या चढून गाडीत, आणि मध्यरात्री सोलापूर. दर्शन घडले याचे समाधान होते. परंतु जिच्या पाण्यावर आपण जगतो त्या भीमेचा उगम पाहायला आम्हांला अर्धा तासही मिळाला नाही, ही रुखरुख आजवर गेलेली नाही. आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी का होईना जे पाणी येते, ते उजनीचे, म्हणजे भीमेचेच. पंढरपूरला आपण जिला चंद्रभागा म्हणून हात जोडतो आणि हत्तरसंग-कुडलला जिला सीना येऊन मिळते, तीही हीच नदी.

म्हणून या वेळी आम्ही दोन दिवस ठरवले आहेत: पहिला देवाचा, दुसरा जंगलाचा. अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक असल्याने एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट मुळातच चुकीचा आहे. मंचर-घोडेगावमार्गे गेल्यास वाटेत डिंभे धरणाचे पाणी दिसते. ते घोड नदीचे असून ती नदीही पुढे भीमेलाच मिळते, हे मुलांना तिथेच गाडी थांबवून सांगण्यासारखे आहे. श्रावण आणि महाशिवरात्र या दिवसांत गर्दी फार असते, भर पावसाळ्यात धुके आणि निसरड्या वाटा असतात, शिवाय काही धबधब्यांकडे जाणे वनविभाग बंद ठेवतो. पाऊस ओसरल्यानंतरचे, सुट्टीच्या गर्दीतून सुटलेले आठवड्याच्या मधले दिवस मला सर्वांत योग्य वाटतात, कारण तेव्हा झरे वाहते असतात आणि वाटाही चालण्याजोग्या होतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पायऱ्यांवर डोलीची सोय होते. आमच्या गाडीतल्या दोन आजींसाठी आम्ही तोच विचार केला आहे.

जंगलाच्या दिवसाविषयी थोडे अधिक लिहिते. मंदिरापासून गुप्त भीमेकडे, म्हणजे उगमापाशी लुप्त झालेली भीमा पुन्हा प्रकट होते असे मानतात त्या ठिकाणाकडे, जाणारी वाट गर्द झाडीतून जाते. मागे एकदा, वेगळ्या फेरीत, मी एका नातलगाबरोबर त्या वाटेने गेले होते. खडकावरून उतरणारी धार इतकी लहान होती की ओंजळ धरली तर सगळी ओंजळीतच यावी. उजनीचा अथांग जलाशय पाहिलेल्या माणसाला त्या धारेपुढे बोलणे सुचत नाही. परतताना वर पाने हलली आणि तांबूस-तपकिरी रंगाचा, झुबकेदार शेपटीचा शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावला. आपला हा राज्यप्राणी झाडाच्या शेंड्याजवळ काटक्या-पानांचे घरटे बांधतो आणि शक्यतो जमिनीवर उतरत नाही. त्यामुळे झाडाला झाड लागून असेल तरच त्याला हिंडता-फिरता येते. त्याच्यासाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. शेकरू सकाळीच अधिक दिसतो, म्हणून उजाडताच निघावे, सोबत गावातला माहितगार माणूस घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि मळलेली वाट सोडू नये. हिरडा गोळा करून संसार चालवणाऱ्या तिथल्या महादेव कोळी लोकांना हे रान जितके ठाऊक आहे, तितके कोणत्याही नकाशात सापडणार नाही.

शिदोरीची चिंता आपल्याला नसावी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दोन दिवस सहज टिकते, ती फडक्यात बांधून न्यावी आणि पाण्यासाठी घरच्या बाटल्या घ्याव्यात. उगमाशी टाकलेली पिशवी पावसाच्या पाण्याबरोबर खाली येते, आणि खाली आपणच आहोत. थंडीसाठी चादर कोणती न्यावी, हे सोलापूरकरांना सांगायला नकोच.

शाळांच्या सहली आखणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, भीमाशंकरची सहल ठरवताना गुप्त भीमेसाठी किमान दोन-तीन तास राखून ठेवावेत. आणि आपल्या दैनिकाने सुट्टीपूर्वी तिथल्या खुल्या व बंद वाटांची माहिती वनविभागाकडून घेऊन एखाद्या चौकटीत छापावी. आमच्यासारख्या अनेकांचा बेत त्यावरच ठरेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर