ऑफर लेटर एकाचं, घर मात्र दोघांचं हलतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत परदेशातल्या नोकऱ्यांबद्दल बरंच छापून येतं, पॅकेज किती, व्हिसा कुठला, इंटरव्ह्यूची तयारी कशी करायची वगैरे. पण ज्याला नोकरी लागली त्याच्यासोबत आपलं चालू काम सोडून जो निघतो त्याच्याबद्दल काही वाचल्याचं मला तरी आठवत नाही, म्हणून हे पत्र. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नऊ वर्षं प्रॅक्टिस केली आणि पाच वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही बाहेर आलो. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वेगवेगळ्या देशांत गेलेल्या मैत्रिणींशी बोलते तेव्हा थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं.

आधी ओटीपीचं सांगते. आलो तेव्हा घराचा करार, बँक, वीज, इंटरनेट, मोबाईल सगळं नवऱ्याच्या नावावर झालं, कारण पगाराची स्लिप त्याची होती आणि घाई होती. दोन महिन्यांनी मुलाला ताप आला, डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला गेले तर कोड त्याच्या फोनवर गेला आणि तो मीटिंगमध्ये. मुलाला मांडीवर घेऊन मी स्क्रीनवरचे साठ सेकंद उलटे जाताना बघत बसले, संपले, 'परत पाठवा' दाबलं, परत संपले. त्याची चूक नव्हती, भांडणही झालं नाही, पण माझ्या नावाचं इथे काहीच नाही हे त्या दिवशी पोटात खड्डा पडल्यासारखं जाणवलं. पुढच्याच आठवड्यात आम्ही जॉइंट खातं काढलं, माझा वेगळा नंबर घेतला आणि घराच्या करारात माझं नाव घालून घेतलं. नवीन जाणाऱ्यांना मी हेच सांगते, की भाडेकरार होतानाच दोघांची नावं घाला, पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे तोच कागद जागोजागी मागतात.

आता मूळ मुद्दा. जोडीदाराला तिथे काम करता येईल का हा प्रश्न ऑफर लेटरवर सही करायच्या आधी विचारायचा असतो आणि आम्ही तो विचारला नाही. म्हणजे विचारला, पण कंपनीतल्या माणसाने "स्पाऊसचं काय, होऊन जातं" म्हटलं आणि आम्ही ते धरून चाललो. ते व्हायला चौदा महिने लागले.

हे नियम देशागणिकच काय, एकाच देशात व्हिसागणिक बदलतात. अमेरिकेचंच बघा, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो, त्यावर राहता येतं पण कामाचं कार्ड मिळायला लागलं ते मे २०१५ पासून आणि तेही एच-१बी वाल्याच्या ग्रीन कार्डसाठीचा (म्हणजे कायम राहायच्या परवानगीसाठीचा) आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असेल किंवा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळाला असेल तरच. पण एल-१ व्हिसावर कंपनीनेच बदली करून पाठवलं असेल तर त्याच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं कार्ड न काढताही नोकरी करता येते. सिंगापूरमध्ये पूर्वी डिपेंडंट पासवर (नोकरीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या परवान्यावर) संमतीपत्र घेऊन नोकरी करता यायची, १ मे २०२१ पासून त्यासाठी स्वतःचा वर्क पास लागतो. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून कामगारांच्या जोडीदारांचं ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही कंपनीत काम करायची परवानगी, नोकरीवाल्याच्या ठरावीक कामांपुरतंच ठेवलं आणि वर अट अशी की नोकरीवाल्याच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक हवेत. जर्मनी आणि ब्रिटन या बाबतीत बरेच मोकळे आहेत. म्हणजे दोन ऑफर हातात असतील तर नुसता पगार शेजारी शेजारी मांडून निर्णय कसा घेणार? एका ठिकाणी दोघं कमावू शकतात आणि दुसऱ्या ठिकाणी एकाने कपाटात सर्टिफिकेट ठेवून बसायचं, हा हिशोब त्यात धरायलाच हवा.

आणि परवानगी मिळाली म्हणजे काम मिळालं असं नाही. माझ्यासारख्या लायसन्सवाल्यांना तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, त्यासाठी भाषेची परीक्षा, कॉलेजकडून अभ्यासक्रमाचे तपशील, आणि जिथे आधी नाव नोंदलंय तिथून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही याचा दाखला. मी निघताना रिन्यूअल चुकवलं होतं, आता कशाला लागतंय म्हणून. मग लांबून मेल, फोन, कुणाला तरी खेपा घालायला लावणं, सात महिने त्यातच गेले. शिवाय मधे जितका खंड पडेल तितकं परत येणं महाग पडतं. ब्रिटनमध्ये फिजिओंची नोंदणी करणाऱ्या एचसीपीसीचा नियम आहे की २ ते ५ वर्षं काम सुटलं असेल तर परत नोंदणीला ३० दिवसांची उजळणी दाखवावी लागते, ५ वर्षांच्या वर ६० दिवसांची. त्यामुळे आधी घर लागू दे, मुलगा रुळू दे, मग माझं बघू, हे जे आपण म्हणतो ना, ते म्हणू नका. मुलगा महिन्याभरात रुळला. मीच राहिले.

मनाचं सांगते. पहिले तीन-चार महिने छान गेले, सगळं नवीन. आठव्या महिन्यात मला सकाळी उठावंसं वाटेना. कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९५४ मध्ये रिओ दि जानेरोच्या विमेन्स क्लबमध्ये 'कल्चर शॉक' या विषयावर भाषण दिलं होतं, त्यात त्याने लक्षणं सांगितलीयत, हात सारखे धूत राहणं, प्यायच्या पाण्याची नको इतकी काळजी, शून्यात नजर लावून बसणं, जराशा उशिराने डोकं फिरणं. वाचताना मी रडले, कारण यातली तीन माझ्यात होती आणि मला वाटत होतं की मीच कमकुवत आहे. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, लिसगार्ड या संशोधकांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांवरचा अभ्यास छापला, त्यात सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं जुळवून घेणं सगळ्यात कमी भरलं होतं, त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांचं बरं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण आठवा महिना म्हणजे शेवट नाही एवढं मला त्यातून मिळालं आणि तेव्हा तेवढं पुरलं.

घरातही एक गोष्ट होते. तो दिवसभर परक्या भाषेत बोलून दमून येतो, त्याला शांतता हवी असते, आणि मी दिवसभर कुणाशी बोललेली नसते. दोघांचंही बरोबर. आम्ही ठरवलं की आल्यावर अर्धा तास काही विचारायचं नाही, नंतरचा एक तास फोन बाजूला. अजूनही पाळतो.

मला बाहेर काढलं ते मात्र एका काठीने. खालच्या मजल्यावरच्या आजी उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्याच हातात धरायच्या आणि प्रत्येक पावलाला कलायच्या. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते म्हणजे भार वाटला जातो. मी तेव्हा भाषेच्या क्लासला नुकती जायला लागले होते, शब्द सापडेनात, शेवटी जिन्यात त्यांची काठी घेऊन स्वतः लंगडत चालून दाखवलं. त्यांनी डाव्या हातात घेऊन दहा पावलं टाकली आणि थांबून माझ्याकडे बघितलं. त्यानंतर दर मंगळवारी मी त्यांच्याकडे बोलायला जायचे, क्रियापदं चुकली की त्या टेबलावर बोट वाजवायच्या. परीक्षा पास झाले तेव्हा पहिलं त्यांना सांगितलं. लायसन्स चौथ्या वर्षी आलं, आता आठवड्यातले तीन दिवस काम करते, पूर्णवेळचं अजून जमलेलं नाही.

बायकोच्या नोकरीसाठी आलेले दोन पुरुषही माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना "मग तू दिवसभर काय करतोस" हे येता-जाता ऐकावं लागतं आणि त्यांच्यासाठी गट वगैरेही सहसा नसतात, त्यांचं मला माझ्याहून अवघड वाटतं.

तुम्हाला विनंती एवढीच, की परदेशी नोकरीवर मजकूर छापाल तेव्हा पगाराच्या आकड्याखाली एक ओळ द्या, या व्हिसावर जोडीदाराला काम करता येतं का आणि किती दिवसांनी. आणि आत्ता कुणी बॅगा भरत असेल तर व्यावसायिक रजिस्ट्रेशन कधी संपतंय ती तारीख आजच बघा, सर्टिफिकेटच्या मूळ प्रती सामानात न टाकता हातातल्या बॅगेत घ्या.

आपली,
एक वाचक