ओमच्या नोकरीवरून

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा तुम्ही मला पुरं बोलू देत नाही आणि आई मधेच "जेवलात का" विचारते, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहितेय, चष्मा लावून वाचा.

परवा बाबा तुम्ही माझ्या ओमला म्हणालात, आईच्या जिवावर बसून खातोस. इंजिनिअर होऊन वर्ष होत आलं, ऐरोलीला कॉल सेंटरची नाइट शिफ्ट मिळत होती, महिना 18,000, नको म्हणाला, त्याला त्याच्या लाइनमधलंच काम हवंय. तुम्हाला काही उलट बोलला नाही पण रात्री ताटावरून अर्धवट उठला. राग मलाही येतो हो, खोटं कशाला सांगू. अकरा वाजता डोळे चोळत चहा मागायला आला की मला 1996 आठवतं. बारावीचा निकाल लागला आणि आठवड्याच्या आत तुम्ही मला अब्दुल रेहमान स्ट्रीटला स्टेशनरीच्या होलसेल दुकानात उभं केलंत, पगार 1,100. सकाळचं कॉलेज, मग करीरोडहून मस्जिद, आणि दुकान बंद होईपर्यंत चलनं फाडायची. तिसऱ्याच दिवशी मी कार्बन पेपर उलटा घातला, सगळा हिशेब पांढऱ्या कागदाच्या पाठीवर उमटला, खालची गुलाबी आणि पिवळी कॉपी कोरीच्या कोरी, आणि पार्टी पांढरा कागद घेऊन गेलेली. शेठने 50 रुपये कापले. घरी सांगितलं तर तुम्ही म्हणालात, शिकलीस ना, मग झालं.

शिकले, खरंय. टॅली, हिशेब सगळं तिथलंच, आजची नोकरी त्याच्यावरच आहे. पण बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या त्या राहिल्याच, अभ्यासाला बसले की झोप यायची.

आता एक विचारू? बाबा, तुम्ही नव्हतात का थांबलात? सात वर्षं मिलमध्ये बदली कामगार होतात. पाळीच्या वेळेला कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कोणी परमनंटवाल्याने खाडा केला तर आत, नाहीतर परत चाळीत. काका गोदीत चिकटवत होते, तुम्ही गेला नाहीत, मिलमध्येच परमनंट व्हायचं होतं. 1981 ला झालात एकदाचे, आणि 18 जानेवारी 1982 ला डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी संप. अडीच लाख कामगार बाहेर. तेव्हाही तुम्ही थांबलात, आज मिटेल उद्या मिटेल करत, आणि तो संप रीतसर मागे कोणी घेतलाच नाही.

तोवर घर आईच्या खानावळीवर. त्याच्या आधी तिने अन्नपूर्णामधून, प्रेमाताई पुरवांच्या खानावळवाल्या बायकांच्या मंडळातून, कर्ज काढून मोठी पातेली घेतली होती, आणि संपात तिच्याकडे जेवणारे मेंबरच गावाला निघून गेले, काहींची उधारी बुडाली ती बुडालीच. मी चार वर्षांची होते, मला फक्त अंधारातला पोळपाटाचा आवाज आठवतो, ऑफिसांच्या डब्यांच्या चपात्या. आई तू याबद्दल कधी एक शब्द काढला नाहीस, तेही मला कधीकधी खटकतं.

तर तुम्ही थांबलात आईच्या चपात्यांवर, ओम थांबतोय माझ्या पगारावर, मला फार फरक दिसत नाही. मी थांबू शकले नाही कारण तोवर आईचे खांदे गेले होते आणि दादाची फी भरायची होती. त्याबद्दल रागावलेली नाहीये आता, म्हणजे फारशी नाही.

त्याला दिवाळीपर्यंत वेळ दिलाय. तोवर बिल्डिंगमधल्या दोन पोरांना दहावीचं गणित शिकवतोय, ते पैसे लाइटबिलाला. दिवाळीनंतर ऐरोली तर ऐरोली, त्यानेच कबूल केलंय.

शनिवारी रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने येतोय, कणकवलीला उतरेल. बाबा, त्याला नोकरीचं विचारू नका, बदली कार्डाचं सांगा, त्याला माहीतच नाही बदली म्हणजे काय. आई, गुडघ्याचा पट्टा त्याच्याकडे देतेय, मोठा साइज आणलाय या वेळी. आणि येताना कोकम देऊ नकोस, अजून मागच्या वर्षीचं आहे.

तुमची,
सुनंदा