इसबाचे जिवाणू : कारण की परिणाम?

मा. संपादक,

आपल्या आरोग्य पुरवणीतील इसबावरच्या लेखात ‘त्वचेवरील घातक जिवाणूंमुळे हा विकार होतो’ असे विधान आहे. ते खोटे नसले तरी अर्धेच आहे आणि त्यावर विसंबून एखादा रुग्ण रोज जंतुनाशक साबणाने अंग घासू लागण्याचा संभव असल्याने हे पत्र लिहीत आहे.

अॅटोपिक इसबाच्या (म्हणजे अॅलर्जीकडे कल असलेल्यांत दिसणाऱ्या, नेहमीच्या प्रकारच्या इसबाच्या) चट्ट्यांवर ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जिवाणू बहुसंख्य रुग्णांत आढळतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मुलांवरील अभ्यासात तर असे दिसले की, आजार उसळतो तेव्हा त्वचेवरील जिवाणूंची विविधता घटते आणि याच जिवाणूचे प्रमाण वाढते. तो नुसता वस्तीला आलेला नसतो. त्याचे डेल्टा विष त्वचेतील मास्ट पेशींना (अॅलर्जीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या पेशींना) चेतवते आणि त्याचे एक विकर (एन्झाइम) थेट मज्जातंतूंना डिवचून खाज उठवते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

परंतु त्याला थारा मिळतो कसा? फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे इसबाचा धोका बराच वाढतो, हे २००६ मध्ये पुढे आले. हे प्रथिन कमी पडले की त्वचेचा बांध झिरपू लागतो, तिची आम्लता उतरते आणि या जिवाणूला रान मोकळे मिळते. शिवाय डुपिलुमॅब हे इसबावरचे औषध जिवाणू मारत नाही, केवळ दाहाचे विशिष्ट संदेश अडवते. तरीही ते घेणाऱ्यांच्या त्वचेवर ऑरियस घटतो आणि विविधता वाढते. म्हणजे दाह जिवाणूला पोसतो आणि जिवाणू दाहाला.

निरोगी त्वचेवरील ‘स्टॅफिलोकॉकस’ कुळातल्याच काही जाती ऑरियसला मारणारी प्रथिने तयार करतात आणि इसबाच्या रुग्णांत अशा जाती विरळ असतात, असे २०१७ च्या संशोधनात आढळले. जंतुनाशक साबण मात्र राखणदार आणि घुसखोर असा भेद करीत नाही. पू किंवा पिवळी खपली दिसल्यास प्रतिजैविकाची गरज पडू शकते, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

‘चांगले जिवाणू’ असलेल्या मलमांबाबतही घाई नको. अशा एका मलमाची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आश्वासक असली, तरी त्यात उपचार जेमतेम आठवडाभरच झाले होते. लेखाचा पुढील भाग येणार असल्यास त्यात त्वचेचा बांध टिकवणाऱ्या साध्या स्निग्ध मलमांनाही जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक