एका आकड्यात ताण मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्यविषयक लेखांत आणि जाहिरातींत कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक हल्ली खलनायक ठरले आहे. त्यातूनच ‘स्ट्रेस हार्मोन’ तपासून घेण्याची टूम निघाली. दिवसात केव्हाही एकदा रक्त द्यायचे आणि आकडा जरा चढा आला की धास्तावायचे, नाहीतर कसलीशी पूड सुरू करायची. यात मूळ समजच चुकते आहे.

धोका जाणवला की काही सेकंदांत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनालिन सुटते आणि छाती धडधडू लागते. कॉर्टिसॉलची वाट लांबची. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरे संप्रेरक सोडते आणि ते पोचल्यावर अधिवृक्क ग्रंथीचा बाहेरचा थर कॉर्टिसॉल बनवतो. रक्तातली पातळी शिगेला जायला साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात. साखर पुरवणे, दाह आवरणे ही त्याची कामे. शिवाय तेच मेंदूकडे परतून ‘आता पुरे’ असा निरोप देते. याच निरोपाने यंत्रणा थांबते.

ताण महिनोन्‌महिने टिकला की हा लगाम सैल पडतो. मेंदूच्या स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात कॉर्टिसॉलचे ग्राही (त्याचा संदेश टिपणारे रेणू) भरपूर असतात. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्युएन यांनी उंदरांत ते 1968 साली दाखवले. दीर्घ ताणाखालच्या प्राण्यांत तिथल्या आणि कपाळामागच्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात, तर भीतीशी जोडलेल्या अमिग्डलामध्ये त्या वाढतात. कपाळामागच्या फांद्या ताण सरल्यावर तरुण प्राण्यांत पुन्हा फुटतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ताणाच्या याच संप्रेरक-साखळीमुळे प्रजननाचे संदेशही मंदावतात आणि पाळी चुकते. म्हणून सलग तीन महिने पाळी आली नाही तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नये; गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून घ्यावे.

आता त्या आकड्याविषयी. कॉर्टिसॉल जाग आल्यानंतर 30 ते 45 मिनिटांत सर्वांत वर असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. सकाळी आठला 15 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही पातळी निरोगी. तीच मध्यरात्री आढळली तर काळजीची. रात्रपाळीने हे घड्याळ बिघडते, सुईच्या भीतीनेही पातळी चढू शकते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढते, त्यामुळे एकूण आकडा फुगतो. उलट वर्षानुवर्षे ताणाने पिचलेल्या माणसाचा आकडा अगदी सामान्य, क्वचित कमीही निघतो. मग त्याला ताण नाही म्हणायचे का?

पोटावर रुंद जांभळे वण, जरा लागले तरी काळेनिळे पडणे, आधाराशिवाय खुर्चीतून उठता न येणे, अशी लक्षणे असतील तर कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल दीर्घकाळ फार जास्त राहण्याच्या विकाराची, शंका घ्यावी. त्याच्या तपासण्या वेगळ्या आहेत: रात्री उशिराची लाळ, 24 तासांची लघवी, किंवा रात्री 11 वाजता 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉलसारखे काम करणारे औषध) घेऊन दुसऱ्या सकाळी आठ-नऊच्या दरम्यान रक्त. या शेवटच्या तपासणीत कॉर्टिसॉलची पातळी 1.8 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली उतरायला हवी.

सर्वांत जास्त चिंता वाटते ती दम्यासाठी किंवा संधिवातासाठी प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलसारखे काम करणारे स्टेरॉइड घेणाऱ्यांची. ‘कॉर्टिसॉल वाईट’ एवढेच ऐकून कोणी गोळी परस्पर बंद करू नये. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ ती घेतली की अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेली असू शकते. गोळी एकदम थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. अशा रुग्णाला उलट्या, भोवळ, कमालीचा थकवा सुरू झाला तर तातडीने रुग्णालय गाठावे आणि कोणते स्टेरॉइड, किती मिलिग्रॅम, किती दिवस चालू होते, हे तिथे सर्वांत आधी सांगावे.

आपला,
अंतःस्रावशास्त्राचा एक अभ्यासक