नवा स्कोप द्याल, पण तो धुवायला वेळ कुठला?

मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्यमंत्री तथा पालकमंत्री, कोल्हापूर

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात एंडोस्कोपी टेक्निशियन आहे. डॉक्टर पेशंटच्या पोटातून दुर्बीण, म्हणजे स्कोप, बाहेर काढतात, तिथून पुढं ती माझ्या ताब्यात.

स्कोप वरून पुसला की चकचकीत दिसतो. घाण असते आत, जेमतेम तीन मिलिमीटरच्या चॅनलमध्ये. तिथूनच चिमटा जातो, तिथूनच रक्त आणि चिकटा ओढला जातो. ब्रश या टोकानं घातला की त्या टोकाला पिवळट-तपकिरी होऊन निघतो. तो स्वच्छ निघेपर्यंत घासायचं. पेशंटच्या बेडपाशीच पाणी ओढून घेतलं नाही तर चिकटा वाळतो, जंतूंचा थर धरतो, मग औषध आत शिरत नाही. गळती तपासायची, एन्झाइमच्या पाण्यात धुवायचं, २ टक्के ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकाच्या टबात साधारण २० मिनिटं बुडवायचं, खळबळून हवा मारून कोरडं करायचं, उभं टांगायचं. ओलाच पेटीत ठेवला तर रात्रभरात आत जंतू वाढतात.

हे सगळं नीट करायला पाऊण तास लागतो. आता हिशेब बघा. स्कोप दोन, वेळ सकाळी नऊ ते एक. तपासणी आणि धुणं धरून एका स्कोपवर चार पेशंट, म्हणजे दोन्हीवर मिळून आठ. यादीत वीस नावं असली तर उरलेला वेळ कुठनं येतो? टबातनं येतो, साहेब. दुसरीकडनं यायला जागाच नाही. धुणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग?

पित्तनलिकेतला खडा काढायच्या स्कोपचं तर आणखी अवघड. त्याच्या टोकाला हलणारी पट्टी असते, तिच्या मागं ब्रश धड पोचत नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयात अशाच स्कोपमधून औषधाला न जुमानणारा जंतू पसरल्याचं २०१५ साली उघड झालं, दोघे दगावले. सूचनेबरहुकूम धुतल्याचं रुग्णालय सांगत होतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, टोकाचा भाग एकदा वापरून फेकून देता येईल अशा स्कोपकडं वळायला सांगितलं.

आपल्याकडं एवढं तरी व्हावं: महात्मा फुले योजनेत रुग्णालय अंगीकृत करताना स्कोप किती आणि रोजच्या केसेस किती, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रत्येक स्कोपला नंबर आणि रजिस्टर द्या: कुठल्या पेशंटला वापरला, टबात कधी गेला, कधी निघाला, कुणी धुतला. उद्या कुणाला ताप आला तर माग तरी काढता येईल. धुणाऱ्याला रीतसर प्रशिक्षण द्या. बऱ्याच ठिकाणी आधीच्या मावशी किंवा मामा दाखवतील तेवढंच शिक्षण असतं. इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते सहज होईल. वैद्यकीय शिक्षण खातं मुश्रीफसाहेबांकडं, म्हणजे फाईल तुमच्या राधानगरीतून त्यांच्या कागलपर्यंतच जायची आहे.

रजिस्टरचा नमुना एका पानात बसतो. सांगाल तेव्हा आणून देतो.

आपला,
एक एंडोस्कोपी टेक्निशियन, कोल्हापूर